एग बेटाची वीजव्यवस्था

एग बेटाची वीजव्यवस्था ही स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळील एग या लहान बेटावरील स्वतंत्र, ऑफ-ग्रिड वीजव्यवस्था आहे. ती ब्रिटनच्या राष्ट्रीय विद्युतजालाशी जोडलेली नाही. पाणी, वारा आणि सूर्यप्रकाश या तीन नूतनक्षम स्रोतांपासून निर्माण होणारी वीज एकत्र करून ती संपूर्ण बेटाला चोवीस तास पुरवली जाते. ही व्यवस्था १ फेब्रुवारी २००८ रोजी कार्यान्वित झाली. बेटाची मालकी असलेल्या स्थानिक न्यासाची 'एग इलेक्ट्रिक' ही उपकंपनी ती चालवते. तीन नूतनक्षम स्रोतांवर एकत्रितपणे चालणाऱ्या स्वतंत्र विद्युतजालाचे हे आरंभीच्या उदाहरणांपैकी एक मानले जाते. प्रत्येक घराला एका वेळी जास्तीत जास्त ५ किलोवॅट वीज वापरता येईल, ही सर्वांना समान लागू असलेली मर्यादा या व्यवस्थेचे प्रमुख वैशिष्ट्य आहे.

भौगोलिक स्थान

एग हे इनर हेब्रिडीज द्वीपसमूहातील 'स्मॉल आइल्स' या गटातील बेट आहे. रम, मक आणि कॅना ही या गटातील इतर बेटे होत. एग बेटाची उत्तर-दक्षिण लांबी सुमारे ९ किमी, रुंदी सुमारे ५ किमी आणि क्षेत्रफळ सुमारे ३० चौ. किमी आहे. मुख्य भूमीवरील मॅलेग बंदरातून बेटावर बोटीने जावे लागते. बेटाच्या दक्षिण भागात अन स्गूर हा ३९३ मीटर उंचीचा ज्वालामुखीय खडकाचा सुळका आहे. आग्नेयेस गॅल्मिसडेल आणि वायव्येस क्लेडेल या मुख्य वस्त्या आहेत. २००१च्या जनगणनेनुसार बेटाची लोकसंख्या ६७ होती, तर २०११च्या जनगणनेनुसार ती ८३ होती.

अटलांटिक महासागरावरून येणारे वारे आणि भरपूर पाऊस यांमुळे बेटावर पवन व जल या दोन्ही प्रकारच्या ऊर्जेची उपलब्धता चांगली आहे. बेट सुमारे ५७ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने हिवाळ्यात दिवस अतिशय लहान आणि उन्हाळ्यात अतिशय मोठा असतो. त्यामुळे सौरऊर्जा प्रामुख्याने उन्हाळ्यात उपयोगी पडते.

पार्श्वभूमी

एग बेट दीर्घकाळ एकामागून एक खासगी जमीनदारांच्या मालकीचे होते. रहिवासी हे बहुतांशी त्यांचे भाडेकरू असत. दीर्घ मुदतीचे भाडेकरार नसल्यामुळे घरांची दुरुस्ती किंवा नवी सोय यांवर पैसा खर्च करण्यास ते धजावत नसत. या परिस्थितीविरुद्ध रहिवाशांनी केलेल्या प्रयत्नांतून १२ जून १९९७ रोजी बेटाची मालकी 'आइल ऑफ एग हेरिटेज ट्रस्ट' या न्यासाकडे आली. बेटाची खरेदी सुमारे १५ लाख पौंडांना झाली आणि त्यातील बहुतेक रक्कम देणग्यांतून उभी राहिली. बेटावरील रहिवाशांची संघटना, हायलँड प्रांताची परिषद आणि स्कॉटिश वाइल्डलाइफ ट्रस्ट ही वन्यजीव संरक्षण संस्था या न्यासाचे भागीदार बनल्या.

मालकी मिळाली तरी सार्वजनिक वीजपुरवठा नव्हता. बहुतेक घरे स्वतःच्या डिझेल जनित्रावर अवलंबून होती. डिझेल बोटीने आणावे लागे. ते महाग असल्याने जनित्र दिवसातील काही तासच चालवले जाई. रात्री जनित्र बंद केल्यावर दिवे, शीतकपाट आणि इतर उपकरणेही बंद पडत. जनित्रांचा आवाज, धूर आणि वारंवार होणारे बिघाड ही नित्याची बाब होती. मोजक्या घरांनी लहान जलविद्युत यंत्रे किंवा सौर पॅनेल बसवले होते. मुख्य भूमीवरून समुद्रतळातून केबल आणण्याचा खर्च इतक्या थोड्या ग्राहकांच्या तुलनेत अवाजवी ठरत होता. त्यामुळे बेटावरच वीज निर्माण करून सर्वांना सामायिकपणे पुरवण्याचा पर्याय निवडण्यात आला.

उभारणी

प्रकल्पाचा एकूण खर्च सुमारे १६ लाख ६० हजार पौंड होता. त्यासाठी युरोपीय प्रादेशिक विकास निधी, ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीचा निधी आणि स्कॉटलंडमधील सार्वजनिक संस्था यांच्याकडून अर्थसाहाय्य मिळाले. रहिवाशांनीही आपला वाटा उचलला. विखुरलेल्या वस्त्यांना जोडण्यासाठी सुमारे ११ किमी लांबीची उच्च दाबाची केबल जमिनीखालून टाकण्यात आली. वीजवाहक तारा भूमिगत असल्यामुळे वादळी वाऱ्यांपासून त्यांचे संरक्षण होते आणि बेटाचे दृश्य सौंदर्यही अबाधित राहते.

वीजनिर्मिती

जलविद्युत: बेटावर तीन जलविद्युत केंद्रे आहेत. लेग येथील सर्वांत मोठ्या केंद्राची क्षमता १०० किलोवॅट असून उरलेली दोन केंद्रे प्रत्येकी सुमारे ५ ते ६ किलोवॅट क्षमतेची आहेत. या केंद्रांमागे मोठे धरण नाही. ओढ्याचे पाणी उंचावर वळवून नळातून खालच्या टर्बाइनपर्यंत नेले जाते आणि वापरानंतर ते पुन्हा प्रवाहात सोडले जाते. मोठा जलाशय नसल्याने पाऊस थांबला की काही काळाने निर्मितीही घटते.

पवनऊर्जा: अन स्गूरच्या पायथ्याशी प्रत्येकी ६ किलोवॅट क्षमतेच्या चार पवनचक्क्या आहेत. त्यांची एकत्रित क्षमता २४ किलोवॅट आहे. एकाच मोठ्या पवनचक्कीऐवजी चार लहान पवनचक्क्या असल्याने एखादी नादुरुस्त झाली तरी उरलेल्या चालू राहतात.

सौरऊर्जा: आरंभी सुमारे १० किलोवॅट क्षमतेचे सौर पॅनेल बसवण्यात आले होते. पुढे ही क्षमता वाढवून सुमारे ५० किलोवॅट करण्यात आली. उन्हाळ्याच्या सुरुवातीस पाऊस आणि वारा दोन्ही मंदावतात. नेमक्या त्याच काळात सूर्यप्रकाश दीर्घकाळ उपलब्ध असतो. त्यामुळे स्थापित क्षमतेच्या मानाने सौर पॅनेलचे महत्त्व अधिक आहे.

या विस्तारानंतर तिन्ही स्रोतांची एकत्रित क्षमता सुमारे १८४ किलोवॅट झाली. याखेरीज प्रत्येकी ६४ किलोवॅट क्षमतेची दोन डिझेल जनित्रे राखीव ठेवलेली आहेत. सर्वसाधारणपणे बेटाच्या एकूण वीजवापरापैकी ९० ते ९५ टक्के वीज नूतनक्षम स्रोतांपासून मिळते.

साठवण आणि नियंत्रण

विद्युतजालात प्रत्येक क्षणी निर्मिती आणि वापर यांचा मेळ बसावा लागतो. मोठ्या जालात एका घराने उपकरण सुरू किंवा बंद केल्याचा परिणाम जाणवत नाही. एगसारख्या लहान जालात मात्र काही किलोवॅटचा फरकही महत्त्वाचा ठरतो. हा समतोल राखण्याचे काम मध्यवर्ती बॅटरी संच आणि त्याला जोडलेले इन्व्हर्टर करतात. शिसे-आम्ल प्रकारच्या बॅटऱ्यांच्या या संचाची योजना बेटाला सुमारे एक दिवसापर्यंत वीज पुरवता येईल अशा बेताने करण्यात आली.

नियंत्रणासाठी विद्युतप्रवाहाच्या वारंवारतेचा उपयोग केला जातो. ब्रिटनमध्ये, भारताप्रमाणेच, प्रमाण वारंवारता ५० हर्ट्झ आहे. बॅटऱ्या पूर्ण भरत आल्या की इन्व्हर्टर वारंवारता किंचित वाढवतात. हा बदल जालातील इतर यंत्रांना संकेतासारखा मिळतो. त्यानुसार सौर व पवन यंत्रणा आपली निर्मिती कमी करतात. त्यासाठी स्वतंत्र संदेशवाहक तारांची गरज भासत नाही, कारण वीज वाहून नेणारी केबलच हा संकेतही पोहोचवते.

अतिरिक्त वीज वाया जाऊ नये म्हणून सामुदायिक सभागृह, चर्च आणि धक्क्यावरील इमारत अशा सार्वजनिक वास्तूंमध्ये विद्युत हीटर बसवलेले आहेत. निर्मिती मागणीपेक्षा जास्त झाली की ते आपोआप सुरू होतात. त्यामुळे वादळी हवामानात या इमारती उबदार राहतात आणि उष्णतेचा लाभ सर्वांना मिळतो. याउलट बॅटऱ्यांमधील साठा ठरावीक पातळीखाली गेला, तर राखीव डिझेल जनित्र सुरू होते.

वापराची मर्यादा

प्रत्येक घराला एका वेळी कमाल ५ किलोवॅट आणि व्यवसायांना कमाल १० किलोवॅट वीज वापरता येते. ही मर्यादा महिन्याभरात वापरलेल्या एकूण युनिटांवर नसून एकाच वेळी घेतल्या जाणाऱ्या भारावर आहे. महाराष्ट्रातील वीजदेयकावर 'मंजूर भार' हा जो तपशील असतो, त्याच्याशी या मर्यादेची तुलना करता येईल. एगमध्ये मात्र मर्यादा ओलांडताच त्या घराचा पुरवठा खंडित होतो आणि तो पूर्ववत करून घेण्यासाठी ग्राहकाला शुल्क भरावे लागते.

पाणी तापवण्याची विद्युत किटली सुमारे २ ते ३ किलोवॅट वीज घेते. पाणी गरम करत असलेले कपडे धुण्याचे यंत्रही सुमारे २ किलोवॅट घेते. ही दोन्ही एकाच वेळी चालवता येतात; त्यांच्या जोडीला विद्युत भट्टी सुरू केल्यास मर्यादा ओलांडली जाते. त्यामुळे जास्त वीज घेणारी उपकरणे एकामागून एक वापरण्याची सवय रहिवाशांना लावून घ्यावी लागली. चालू वापर दाखवणारे मापक घरांमध्ये ठेवल्याने हा हिशेब सोपा झाला.

ही मर्यादा केवळ काटकसरीसाठी नाही. बेटावरील सुमारे ४० घरांनी एकाच वेळी प्रत्येकी ५ किलोवॅट वीज घेतली, तर एकूण मागणी २०० किलोवॅट होईल. हा आकडा सर्व नूतनक्षम यंत्रांच्या एकत्रित क्षमतेपेक्षा अधिक आहे. शिवाय ही यंत्रे एकाच वेळी पूर्ण क्षमतेने क्वचितच चालतात. सर्व घरे एकाच क्षणी कमाल वापर करत नाहीत, या गृहीतकावरच ही व्यवस्था टिकून आहे. मर्यादा नसती, तर मोजक्या ग्राहकांच्या वाढत्या मागणीसाठी आणखी यंत्रे व बॅटऱ्या घ्याव्या लागल्या असत्या आणि त्यांचा खर्च सर्वांवर पडला असता. घराचा आकार किंवा उत्पन्न काहीही असले, तरी मर्यादा समान असते.

टंचाईचा काळ

पाऊस आणि वारा दोन्ही कमी असल्यास वीजनिर्मिती घटते. अशा वेळी रहिवाशांना वापर कमीत कमी ठेवण्याची सूचना दिली जाते. निर्मिती मुबलक असल्यास वापराची मोकळीक असल्याचेही कळवले जाते. २०१० मध्ये दीर्घकाळ कोरडे व शांत हवामान राहिल्याने बेटावर वीज जपून वापरावी लागली आणि डिझेल जनित्रांची मदत घ्यावी लागली. पुढील काळात करण्यात आलेल्या सौर क्षमतेच्या विस्तारामुळे ही उणीव काही अंशी भरून निघाली.

देखभाल

बेटावर बाहेरून तंत्रज्ञ येण्यास बोटीच्या फेऱ्या आणि हवामान यांमुळे विलंब होऊ शकतो. म्हणून बेटावरीलच काही रहिवाशांना प्रशिक्षण देऊन दैनंदिन देखभाल त्यांच्याकडे सोपवण्यात आली. इतर उद्योग सांभाळून हे काम अर्धवेळ केले जाते. ओढ्यावरील जाळ्यांमध्ये अडकलेला पालापाचोळा काढणे, बॅटऱ्यांची तपासणी करणे, पवनचक्क्यांची देखरेख आणि मीटरसंबंधी कामे यांचा त्यात समावेश होतो. वीजविक्रीतून मिळणाऱ्या उत्पन्नातून देखभालीचा खर्च भागवावा लागतो. शिसे-आम्ल बॅटऱ्यांचे आयुर्मान मर्यादित असल्याने त्या ठरावीक काळाने बदलण्यासाठीही तरतूद करावी लागते.

परिणाम आणि मान्यता

अखंड वीजपुरवठ्यामुळे घरांत शीतकपाट, कपडे धुण्याचे यंत्र आणि संगणक यांचा नियमित वापर शक्य झाला. पर्यटकांसाठी निवासव्यवस्था आणि इतर लहान व्यवसाय चालवणे सुकर झाले. बेटाची लोकसंख्या वाढण्यामागे जमिनीची मालकी, घरांची उपलब्धता आणि वीजपुरवठा अशी अनेक कारणे असल्याने तिचे श्रेय केवळ विजेला देता येत नाही.

२०१० मध्ये एग बेट ब्रिटनमधील 'बिग ग्रीन चॅलेंज' या स्पर्धेच्या विजेत्यांपैकी एक ठरले. या स्पर्धेत बेटाला ३ लाख पौंडांचे पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी बेटाच्या न्यासाला शाश्वत ऊर्जेसाठी दिला जाणारा अ‍ॅश्डेन पुरस्कारही मिळाला. पुढे शेजारच्या मक बेटावर २०१३ मध्ये आणि कॅना बेटावर २०१८ मध्ये पवन व सौर ऊर्जेवर आधारित वीजव्यवस्था सुरू झाल्या.

मर्यादा

एग बेट विजेबाबत बहुतांशी स्वावलंबी असले, तरी एकूण ऊर्जेबाबत तसे नाही. ५ किलोवॅटच्या मर्यादेत संपूर्ण घर विजेवर उबदार ठेवणे अवघड असल्याने घरे तापवण्यासाठी लाकूड, कोळसा यांसारखी इंधने वापरली जातात. स्वयंपाकासाठी सिलिंडरमधील वायूचाही उपयोग होतो. वाहने आणि राखीव जनित्रे यांसाठी खनिज इंधन बाहेरून आणावे लागते. उभारणीचा मोठा भाग अनुदानातून झाल्यामुळे केवळ ग्राहकांच्या पैशांतून अशी व्यवस्था उभारता येईल, असा निष्कर्ष या उदाहरणावरून काढता येत नाही. लोकसंख्या आणि विजेवर चालणारी उपकरणे वाढत गेल्यास निर्मिती व साठवण क्षमता वाढवणे किंवा वापराची मर्यादा अधिक कडक करणे, हे दोनच पर्याय उरतात. ऑफ-ग्रिड जालात कमी पडणारी वीज बाहेरून विकत घेण्याची सोय नसल्याने हा निर्णय बेटावरील रहिवाशांनाच एकत्रितपणे घ्यावा लागतो.