एक चकती आणि एक खुर्ची

पोकरच्या जगात एक म्हण आहे : एक चकती आणि एक खुर्ची असली की पुरे. ती जॅक स्ट्रॉसच्या नावावर आहे. १९८२ साली लास वेगसच्या बिनियन्स हॉर्सशूमध्ये १०४ खेळाडूंची जागतिक स्पर्धा चालली होती. सांगतात, की स्ट्रॉस सगळं हरून उठला आणि रुमालाखाली पाचशेची एक चकती सापडली. 'सगळं लावलं' असं त्यानं तोंडानं म्हटलं नव्हतं, म्हणून त्याला बसू दिलं. शेवटी ड्यूई टॉम्कोला हरवून ५ लाख २० हजार डॉलर त्यानं नेले.

गोष्ट गोड आहे; पण हिशेबवाल्यांना गोष्टी पुरत नाहीत. तीन पत्तीत जसा बूट, तशी इथं प्रत्येक फेरीला सक्तीची रक्कम टाकावी लागते आणि ती ठरावीक वेळानं वाढत जाते. वीस हजारांच्या चकत्या आहेत, फेरीला दोन हजार जातात, तर दहा फेऱ्यांचं आयुष्य. तोच खर्च पाच हजारांवर गेला की उरल्या चार. पानं तीच, माणूस तोच, पण खेळ बदलायला हवा. १९९५चा विजेता डॅन हॅरिंग्टन यानं पुढं आपल्या पुस्तकांत हे मोजमाप मांडलं आणि त्याला बॅकगॅमनपटू पॉल मॅग्रिएलच्या नावातला 'एम' दिला. वीसच्या वर एम असेल तर निवांत खेळा. पाचच्या आत आला, की उत्तम पानांची वाट पाहणं म्हणजे उपाशी मरणं. बरी पानं दिसताच सगळ्यांच्या आधी सर्वस्व लावा. समोरचा अजून घाबरून पानं टाकू शकतो तोवरच! चकत्या अगदी थोड्या उरल्या, की तुम्हाला कुणी भीत नाही. फेरीचाही खर्च निघत नसेल, तर तो मृत पट्टा. स्ट्रॉस बहुधा तिथंच होता.

दुसरा बदल बक्षिसांमुळं आला. १९७१ ते १९७७ विजेता सगळं नेई. १९७८ पासून रक्कम वाटली जाऊ लागली. मग गमावलेली चकती मिळवलेलीपेक्षा महाग झाली, कारण सगळ्या चकत्या जिंकूनही सगळी रक्कम मिळत नाही. म्हणून मधला माणूस मोठ्या ढिगाला टाळतो. त्याच्याहून गरीब कुणी आधी बाहेर पडतोय का, ते पाहतो. मोठा ढीग नेमकं हेच ओळखून मधल्यालाच दाबतो. जुगाराची भलामण मी करणार नाही, पण ही भीती कुठंही ओळखीची वाटते.

स्ट्रॉस १९८८ साली पत्त्यांच्या टेबलावरच, खेळताखेळता गेला.