हाताची मूठ आणि कागदाची पट्टी

घरच्या पडवीत लहानसा लेथ मांडून, पोटासाठी नव्हे तर केवळ हौसेखातर लोखंडकाम करणारी माणसे जगात पुष्कळ आहेत. इंग्लंडात तर त्यांच्यासाठी ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक १८९८ सालीच निघाले. या हौशी मंडळींपुढे आज एक प्रश्न आहे. मूठ हातात धरून चाक फिरवावे, की आकड्यांत हुकूम लिहून यंत्राकडून काम करवून घेण्याची विद्या, म्हणजे सी.एन.सी., शिकावी? शाळेच्या कर्मशाळेत मुलांना शिकविणाऱ्या गुरुजींनाही हाच प्रश्न पडतो. उत्तरासाठी थोडे मागे जाऊ.

पूर्वी लेथवर कातणारा कारागीर हत्यार हातातच धरी. काम सरळ उतरले तर ते त्याच्या मनगटाचे पुण्य! एका स्क्रूचा नट दुसऱ्यावर बसेलच, याचा भरवसा नसे. १८०० सालच्या सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले याने स्क्रू कापण्याचा लेथ बनविला. हत्यार सरकत्या बैठकीत घट्ट बसविले. ती बैठक एका लांब स्क्रूने पुढे नेली. आणि तो स्क्रू दातेरी चाकांनी फिरत्या जॉबशी जोडला. चाके बदलली की आटे जाड किंवा बारीक पडणार. असे यंत्र करणारा तो पहिलाच नव्हे, पण ही पद्धत रुजविण्यात त्याचा वाटा मोठा. त्याच्याच कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली सर्वांसाठी एकच आट्यांचे माप सुचविले.

मग हाताचे कसब बुडाले का? मुळीच नाही. मॉडस्ले स्वतः कानशीवरच्या हातासाठी नावाजलेला होता. यंत्र त्याच्या हातून उतरले, कारण सपाट म्हणजे काय, हे त्या हाताला ठाऊक होते.

आता दुसरे वळण पाहा. अमेरिकेत जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवीत असे. पात्याची वक्ररेषा हाताने साधणे कठीण. म्हणून ती अनेक बिंदूंत मोडून त्यांचे आकडे यंत्राला द्यावेत, असे त्याने योजिले. पुढे एम.आय.टी. या संस्थेत हे काम झाले आणि १९५२ साली भोके पाडलेल्या कागदी पट्टीच्या हुकमाने चालणारे मिलिंग मशीन लोकांना दाखविण्यात आले. त्याच सुमारास दुसरीही एक वाट निघाली होती. कुशल कारागिराने पहिला नग हाताने करावा, त्याच्या हालचाली चुंबकीय फितीवर टिपाव्यात, आणि पुढचे नग यंत्राने त्या फितीवरून काढावेत!

पण जिंकली ती आकड्यांची वाट. विमानाचे अवघड आकार तिनेच साधत होते, हे खरे. परंतु डेव्हिड नोबल या इतिहासकाराने १९८४ साली आणखी एक कारण मांडले. कामाच्या किल्ल्या कामगाराच्या हाती राहू नयेत, असे मालकांना वाटत होते. विचार करणारा कचेरीत आणि बटण दाबणारा यंत्रापाशी, अशी फाळणी झाली.

आता हौशी माणसाचा विचार करा. त्याच्या डोक्यावर मालक नाही. हुकूम लिहिणारा तोच, चिप्स झाडणारा तोच. कारखान्यात जी फाळणी झाली, ती त्याच्या पडवीत होण्याचे कारणच नाही. शिवाय २००९ साली निघालेली ‘जीआरबीएल’सारखी फुकट आज्ञावली लहानशा पाटीवर चालते, तेव्हा ही विद्या केवळ श्रीमंतांची राहिलेली नाही.

म्हणून माझे सांगणे असे, की दोन्ही शिका, पण क्रम चुकवू नका. ‘जी ०१’ लिहिले की हत्यार सरळ रेषेत जाईल. पण धार बोथट झाली आहे, जॉब चकमध्ये ढिला आहे, हे ती आज्ञा सांगणार नाही. ते आवाजावरून आणि मुठीला बसणाऱ्या थरथरीवरून कळते. स्क्रूमधली ढिलाई मूठ उलटी फिरविताना ज्याने अनुभवली, त्यालाच आकडा का चुकला ते उमगेल. एखादा बुश हवा असेल तर हुकूम लिहून होईपर्यंत तो हाताने तयारही होईल. पन्नास सारखे नग हवेत, किंवा वळणदार आकार हवा, तर मात्र हट्ट धरू नये.

गुरुजनहो, मुलाच्या हाती आधी कानस द्या, मग मूठ, मग आकडे. मॉडस्लेची दातेरी चाके ज्याला समजली, त्याला आट्यांचा हुकूम परका वाटणार नाही.