हौशी रेडिओ : निम्न पट्ट्यांवरील फिरती स्थानके (गोवा)

परवानाधारक हौशी रेडिओचालकाने (हॅमने) घरापासून दूर, वीज व वस्ती नसलेल्या जागी काही तासांसाठी वा दिवसांसाठी उभारलेले आणि 160, 80 किंवा 40 मी. या लांब तरंगांच्या पट्ट्यांवर चालणारे स्थानक. भारतात हौशी सेवेला 160 मी. पट्ट्यात 1,820 ते 1,860 किलोहर्ट्झ, तर 80 मी. पट्ट्यात मुख्यतः 3,500 ते 3,700 किलोहर्ट्झ एवढी जागा मिळाली आहे. दिवसा आयनांबराचा डी थर हे तरंग शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो विरतो आणि हजारो किलोमीटरवरचे संपर्क शक्य होतात. पुढील विवेचन प्रामुख्याने 160 मी. पट्ट्याचे आहे, कारण जागेचे गुणदोष तेथे सर्वांत ठळक दिसतात. गोव्यात दूरच्या संपर्कासाठी उंच सड्यापेक्षा (जांभ्याच्या पठारापेक्षा) खाऱ्या खाजनाचा (बांध घालून राखलेल्या सखल शेतजमिनीचा) काठ अधिक उपयोगी आहे, असे या नोंदीचे प्रतिपादन आहे.

पूर्वेतिहास : पोर्तुगीज अमलात येथील हौशी स्थानकांच्या कॉलसाइनची सुरुवात ‘सीआर8’ या अक्षरांनी होई. अमेरिकेच्या हौशी रेडिओ संघटनेच्या (एआरआरएल) डीएक्ससीसी या, दूरच्या संपर्कांसाठी मोजल्या जाणाऱ्या प्रदेशांच्या यादीत गोवा हा स्वतंत्र प्रदेश होता. आता तो रद्द झालेल्या प्रदेशांत मोडतो आणि 31 डिसेंबर 1961 पर्यंतचे संपर्कच त्याच्या नावे धरले जातात. त्यानंतर गोव्यात भारतीय कॉलसाइन लागू झाले. सामान्य श्रेणीसाठी व्हीयू2 आणि मर्यादित श्रेणीसाठी व्हीयू3 हे उपसर्ग रूढ आहेत. या परिसरात दुर्गम जागेवरून रेडिओ चालवल्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मात्र हौशी सेवेतले नाही. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी 25 नोव्हेंबर 1955 पासून गोवामुक्तीपर्यंत, आधी आंबोलीच्या आणि पुढे कॅसल रॉकच्या जंगलातून, कोंकणी व पोर्तुगीज भाषांत भूमिगत प्रसारण केले. सह्याद्रीच्या माथ्यावरून आवाज गोवाभर पोचला म्हणून डोंगर हीच रेडिओची जागा, असा निष्कर्ष या उदाहरणावरून काढला जाऊ शकतो. पण ते प्रसारण लघुतरंगांवरचे होते, त्याचे श्रोते जवळच होते आणि पोर्तुगीज हद्दीबाहेर सुरक्षित राहणे ही त्या केंद्राची पहिली गरज होती. दूर पल्ल्याच्या निम्न पट्ट्यांच्या स्थानकाला तो निकष लावता येत नाही.

भूमी : पेडणे आणि डिचोली हे दोन्ही तालुके अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज राज्यात आलेल्या नव्या काबिजादींतले. दोन्हींत जांभ्याचे सडे आहेत. पेडण्यातील मोप्याचे पठार 5 जानेवारी 2023 रोजी सुरू झालेल्या मनोहर विमानतळामुळे सर्वपरिचित झाले. त्या परिसरात उंच मनोऱ्यांवर निर्बंधही येतात. डिचोलीत लोहखनिजाच्या खाणी आणि त्यांच्या मातीचे ढिगारे आहेत. खनिजाने भरलेली जमीन विजेची चांगली वाहक असणार, असे वाटणे स्वाभाविक आहे, पण ते बरोबर नाही. जांभ्यातले लोह ऑक्साइडच्या रूपात असते. जमिनीची वाहकता मुख्यतः ओलाव्यावर आणि त्यात विरघळलेल्या क्षारांवर ठरते आणि सच्छिद्र जांभा पावसाळा सरताच कोरडा पडतो. याउलट पेडण्यात शापोरा नदीकाठी आगरवाड्याची मिठागरे आहेत, कोरगावची खाजने आहेत. डिचोलीतही मांडवीच्या बाजूला पिळगाव, नार्वे येथे सखल खारी जमीन आढळते. बांध आणि मानस (पाण्याची झडप) यांनी भरती अडवून राखलेल्या या शेतात कोरगुटसारखे खारे पाणी सोसणारे भात पिकते. पावसाळ्यानंतर जसजसा खारेपणा वाढतो, तसतशी रेडिओच्या दृष्टीने ही जमीन सुधारत जाते. ढोबळ मानाने समुद्राच्या पाण्याची वाहकता प्रति मीटर 5 सीमेन्स धरतात, तर कोरड्या खडकाळ जमिनीची 0.001. खाजनाचा चिखल या दोहोंच्या मध्ये, पण सड्याच्या कितीतरी वर असतो.

अँटेना व जमीन : 1,840 किलोहर्ट्झला तरंगलांबी सुमारे 163 मी., म्हणजे पाव तरंगाचा उभा अँटेना जवळजवळ 41 मी. उंच हवा. फिरत्या स्थानकाला ते अशक्य आहे. व्यवहारात 12 मी.चा फायबरग्लासचा खांब उभारून उरलेली तार आडवी ताणतात आणि त्या उलट्या ‘एल’ला जमिनीवर पसरलेल्या रेडियल तारांची जोड देतात. एवढ्या आखूड अँटेनाचा प्रारण-रोध सुमारे 8 ओहमच भरतो. कोरड्या जांभ्यावर मोजक्या रेडियलांसह जमिनीतला ऱ्हास 16 ओहम धरला, तर दिलेल्या शक्तीचा एक तृतीयांश भागच आकाशात जातो. खाऱ्या चिखलावर तो 4 ओहम धरला, तर दोन तृतीयांश जातो. म्हणजे संच तोच, बॅटरी तीच आणि प्रारित शक्ती दुप्पट.

यावर पहिला आक्षेप असा की सड्यावर रेडियल वाढवले की हा तोटा भरून निघतो. अँटेनाच्या बुडाजवळच्या ऱ्हासापुरते हे खरे आहे. पण क्षितिजाशी लहान कोन करून निघणारे, दूर पल्ल्याला उपयोगी पडणारे तरंग अँटेनापासून अनेक तरंगलांब्यांवरच्या जमिनीवरून परावर्तित होतात. 163 मी. लांबीच्या तरंगासाठी ते अंतर किलोमीटरच्या घरात जाते आणि तेवढी जमीन तारांनी झाकता येत नाही. भरतीचे पाणी, मिठागर किंवा केरीजवळचे तेरेखोलचे मुख ते काम आपोआप करते. दुसरा आक्षेप उंचीचा. दृष्टिरेषेत चालणाऱ्या अतिउच्च वारंवारितेला उंची निर्णायक असते, यात वाद नाही. निम्न पट्ट्यांत तरंग आयनांबरातून परततो, म्हणून जागेच्या उंचीपेक्षा पायथ्याची जमीन अधिक बोलते. तेरेखोलच्या किल्ल्यासारखा थेट समुद्राकडे उतरणारा कडा हा अपवाद मानता येईल, कारण तेथे पुढचे परावर्तन पाण्यावरूनच होते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. 160 मी.वर ऐकणे बोलण्याहून कठीण असते. जमिनीलगत लांब ताणलेला बेव्हरेज अँटेना हा ऐकण्याचा उत्तम मार्ग आणि त्याला वाहक नव्हे, तर कमी वाहक जमीन लागते. या बाबतीत सडा सरस ठरतो, हे मान्य केले पाहिजे. तरीही खाजनावर उपाय उरतो. दिशा धरणारे छोटे वलय-अँटेना जमिनीवर फारसे अवलंबून नसतात आणि बांधाच्या मोकळ्या टोकाला, वस्तीच्या वीजतारांपासून व एलईडी दिव्यांपासून दूर, ते पुरेसे शांत राहतात. प्रक्षेपणातला तोटा सड्यावर भरून काढायला मात्र मनोरा किंवा जादा शक्ती लागते आणि फिरत्या स्थानकाकडे नेमके तेच नसते.

कोन उंच ठेवून शेजारच्या जिल्ह्यांशी बोलायचे असेल, तर हे प्रतिपादन लागू नाही. 80 मी.साठी सुमारे 40 मी. लांबीचा आडवा द्विध्रुव सड्यावरही चांगले काम देतो. मे 2021 मधील तौक्ते चक्रीवादळात गोव्याचा वीजपुरवठा खंडित झाला होता. तशा वेळी डिचोलीच्या पठारावरचा असा द्विध्रुवच अधिक कामाचा. डिसेंबर 2004 मध्ये पोर्ट ब्लेअरला मोहिमेसाठी गेलेल्या हौशी चालकांनी त्सुनामीनंतर आपले स्थानक मदतकार्याला जोडले. फिरत्या स्थानकांचा सराव का जपावा, याचे ते पुरेसे उत्तर आहे.

काळ : डिसेंबर ते फेब्रुवारी. वळवाच्या आणि पावसाळ्याच्या दिवसांत विजांची खरखर कमकुवत संकेत बुडवते. युरोपसाठी गोव्यातले उजाडण्याआधीचे तास उत्तम, कारण तिकडे तेव्हा रात्रच असते.

वीज : 12 व्होल्टची लिथियम लोह फॉस्फेट बॅटरी, जनित्र टाळावे.

परवानग्या : फिरत्या वापरासाठी परवान्यातील अटी पाळणे बंधनकारक आहे. खाजन ही कोणाची तरी शेती असते. ती कोमुनिदाद (गावकऱ्यांची सामाईक जमीनसंस्था), शेतकरी किंवा 1964 च्या कूळ कायद्यानंतर बांधांची देखभाल पाहणाऱ्या कूळ संघटना यांच्या ताब्यात असते. त्यांची संमती आधी घ्यावी आणि बांधात खुंट्या ठोकू नयेत, कारण छोटी गळतीही पीक बुडवू शकते. 2011 च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. खाणपट्ट्यांवर परवानगीविना जाऊ नये.

पडताळा : ही तुलना प्रत्यक्ष मोजता येते. एकाच रात्री, एकाच शक्तीचे व एकाच मापाच्या अँटेनाचे दोन संच कोरगावच्या बांधावर आणि डिचोलीच्या सड्यावर ठेवून 1,836.6 किलोहर्ट्झच्या डब्ल्यूएसपीआर (कमी शक्तीने तरंगप्रसार तपासणाऱ्या पद्धतीच्या) संकेतांची जगभरची नोंद ताडून पाहावी. दूरच्या केंद्रांवर सड्याचा संकेत बरोबरीचा किंवा सरस आढळला, तर वरील प्रतिपादन बदलावे लागेल. तोपर्यंत निम्न पट्ट्यांच्या आखणीत गोव्याच्या नकाशावर आधी खारे पाणी शोधावे आणि उंचीचा विचार त्यानंतर करावा.