एल्फिन्स्टन: गावाचं आडनाव, आडनावाची गावं

स्कॉटलंडमध्ये एडिंबराच्या पूर्वेला, ईस्ट लोदियनच्या कोळसापट्ट्यात, ट्रॅनेंटजवळ एल्फिन्स्टन नावाचं लहानसं खेडं आहे. तेराव्या शतकातल्या कागदपत्रांत हे नाव सापडतं. तिथल्या जमीनदार घराण्यानं तेच आडनाव म्हणून लावलं, आपल्याकडे वाईकर, सातारकर झाले तसंच. घराण्याच्या दंतकथेत मात्र मूळपुरुष म्हणून रॉबर्ट ब्रूसच्या काळी आलेला हेल्फेन्स्टाइन नावाचा जर्मन सरदार येतो. परदेशी कुलीन पूर्वजाची हौस कुठल्या घराण्याला नसते? पण ब्रूस गादीवर बसला १३०६ साली आणि गावाचं नाव त्याआधीच कागदावर होतं. गावावरूनच आडनाव आलं, यात शंका नाही. पुढचा प्रसार मात्र त्या गावातून उठून गेलेल्या माणसांनी केला नाही. तो जमिनीच्या मालकीनं आणि हुद्द्यानं झाला.

फोर्थ नदीकाठी एअर्थजवळ लग्नसंबंधातून मिळालेल्या जमिनीला घराण्यानं आपलंच नाव दिलं. पंधराव्या शतकात मूळ गावची जहागीर वारस मुलीच्या लग्नातून जॉन्स्टनांकडे गेली. म्हणजे १५१० मध्ये ‘लॉर्ड एल्फिन्स्टन’ हा किताब निघाला, तेव्हा किताबवाल्यांकडे ते खेडं उरलंच नव्हतं! १७५४ मध्ये डनमोरच्या अर्लनं एअर्थजवळची इस्टेट विकत घेतली आणि तिथलं एल्फिन्स्टन हे नाव मागं पडून डनमोर रूढ झालं. मालक बदलला की नाव बदलतं, याहून स्वच्छ पुरावा कोणता? ॲबरडीनशायरमध्ये कालव्याच्या टोकाशी वसलेलं पोर्ट एल्फिन्स्टनही तिथल्या जमीनदाराच्याच नावाचं.

यावर कुणी म्हणेल, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजचं काय? माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८२७ मध्ये गव्हर्नरपदावरून उतरला, तेव्हा मुंबईकरांनी आपणहून वर्गणी काढली, त्यातून हे नाव आलं. तिथं सत्तेची सक्ती नव्हती. आक्षेप खरा आहे, आणि माउंटस्टुअर्टची शिक्षणाबद्दलची आस्थाही खरी. पण बिशप विल्यम एल्फिन्स्टननं १४९५ साली विद्यापीठ स्थापलं, ते ॲबरडीनचंच म्हणून ओळखलं गेलं. नुसत्या विद्याकार्यानं नाव चिकटत नाही. मुंबईत त्या कार्यामागं गव्हर्नरकी होती. शिवाय एल्फिन्स्टन रोड स्टेशनला नाव मिळालं ते माउंटस्टुअर्टच्या पुतण्याचं. तोही १८५३ ते १८६० मुंबईचा गव्हर्नर होता. ती पाटी २०१८ मध्ये उतरली आणि स्टेशन प्रभादेवी झालं.