काडतुसाच्या बुडावरील पुरावा

सत्तावनच्या उठावाचें स्मृतिचिन्ह म्हणून एखाद्या घराण्यांत जपलेलें पितळी काडतूस संशोधकापुढें येतें, तेव्हां घराण्याची श्रद्धा व वस्तूची साक्ष यांचा निवाडा करण्याचा प्रसंग त्याजवर येतो. तो कोणत्या नियमांनीं करावा, हें प्रस्तुत टिपणांत थोडक्यांत मांडावयाचें आहे.

पहिला नियम बांधणीचा. १८५३ च्या नमुन्याच्या एन्फील्ड बंदुकीचें काडतूस कागदी होतें. तें दातांनीं तोडून दारू नळींत ओतावयाची, गोळी गजानें ठासावयाची व टोपी निराळी बसवावयाची, असा क्रम असे. मीरत येथें २४ एप्रिल १८५७ रोजीं ९० पैकीं ८५ स्वारांनीं जीं काडतुसें नाकारलीं, तींहि कागदीच. इंग्रजी फौजेंत पितळी पत्र्याचें बॉक्सर काडतूस स्नायडर बंदुकीबरोबर आलें; ही बंदूक १८६६ सालीं स्वीकारली गेली. यास्तव ०.३०३ इंची काडतुसासारखी पितळी पुंगळी सत्तावनची ठरूं शकत नाहीं.

दुसरा नियम शिक्क्याचा. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालचा. ०.३०३ इंची काडतुसाच्या बुडावर ‘के’ व ‘एफ’ हीं इंग्रजी अक्षरें आणि मध्यें बाण असल्यास तें खडकीचें समजावें. सोबतचे दोन अंक बहुधा वर्ष दर्शवितात. सातव्या प्रकाराची अणकुचीदार गोळी १९१० मध्यें आली; त्यापूर्वीची सहाव्या प्रकाराची गोळी बोथट होती. टोपीभोंवतीं जांभळा रंग असल्यास गोळी साधी, हिरवा असल्यास चिलखतभेदी.

तिसरा नियम कालमर्यादेचा. शिक्क्यावरील वर्ष घडणीचें असतें, वापराचें नव्हे. ‘४२’ चें काडतूस पुढें कित्येक वर्षांनींहि उडालेलें असूं शकेल, परंतु १९४२ पूर्वीं खास नाहीं. म्हणून ‘४८’ आकड्याची पुंगळी साताऱ्याच्या १९४३–४६ च्या प्रतिसरकारशीं जोडतां येत नाहीं.

आतां मोलाविषयीं. फौजेनें विकावयास काढलेल्या जुन्या मालांत नेमबाजाला कोरडा साठा हवा असतो. जुन्या टोप्यांतील क्षार नळींत राहून ओल धरतो व गंज चढतो. म्हणून तसा माल त्यास स्वस्तांतच परवडतो. संग्राहक मात्र मूळ खोकें, चिठ्ठी व दुर्मिळ शिक्का यांचे दाम मोजतो. इतिहासकारास मोल वाटतें तें सांपडल्या जागेच्या नोंदीचें. ती नसल्यास सुंदर काडतूसहि मुकें होय.

जिवंत काडतूस घांसूं, ठोकूं वा उघडूं नये. १९५९ च्या कायद्यान्वयें परवान्यावांचून तें बाळगतांहि येत नाहीं. तें पोलिसांच्या स्वाधीन करावें. रिकामी पुंगळी मात्र, सत्तावनची न ठरली तरी, टाकूं नये. तिच्या बुडावरील वर्ष घराण्याच्या दुसऱ्या एखाद्या विसरलेल्या पिढीकडे बोट दाखवीत असेल, आणि तें शोधणें हेंच आपलें काम आहे.