नोंद नाही म्हणजे घडलंच नाही? एका डिस्चार्ज बुकाची गोष्ट

पीएचडीच्या तिसऱ्या प्रकरणासाठी मी एक तक्ता केला होता. १९६२, १९६५ आणि १९७१ या तीन युद्धांच्या काळात सैन्यात असलेले वर्धा जिल्ह्यातले जे माजी सैनिक मला भेटले, त्यांची प्रत्येकी एक ओळ. भरतीचं वर्ष, हुद्दा, मेडल, कोर्स, निवृत्ती. शेवटचा रकाना होता, 'युद्धात आघाडीवर: होय/नाही'. सगळी माहिती डिस्चार्ज बुकातून घेतलेली. सही-शिक्क्याचा सरकारी कागद, यापेक्षा पक्का आधार कोणता, असं मला तेव्हा वाटत होतं.

आर्वीकडच्या एका काकांच्या ओळीत मी 'नाही' लिहिलं. (त्यांचं नाव, गाव, कोअर मुद्दाम देत नाही. मौखिक इतिहासात हे पथ्य पाळायचं असतं.) त्यांच्या पुस्तकात १९७१ साठी फक्त संग्राम मेडल होतं. ते त्या युद्धकाळात सेवेत असलेल्यांना सरसकट मिळालं. प्रत्यक्ष पश्चिम आघाडीच्या क्षेत्रात सेवा केलेल्यांना पश्चिमी स्टार आणि पूर्वेकडच्यांना पूर्वी स्टार दिला गेला. काकांच्या पुस्तकात दोन्ही स्टार नव्हते. म्हणून 'नाही'.

प्रकरणाचा कच्चा खर्डा घेऊन मी त्यांना दाखवायला गेलो. चष्मा लावून त्यांनी ती ओळ दोनदा वाचली.

"पुस्तकात नाई लागलं, तं मी काय घरी बसलो होतो का?"

मग म्हणाले, शस्त्रशिक्षकाचा कोर्सही केला होता, तोही लागलेला नाही. इतक्या वर्षांत दुरुस्ती का केली नाही, असं विचारल्यावर हात हलवून गप्प बसले. आज हा लेख लिहितोय तो त्या गप्प बसण्यामुळे, आणि माझ्या तक्त्यातल्या चुकीमुळे. संशोधनाची तयारी करणाऱ्यांना ही चूक आधीच दिसावी, एवढाच हेतू.

नोंद तयार कशी होते?

कुठलाही कागद पुरावा म्हणून वापरण्याआधी तो कोणी, कशासाठी तयार केला हे बघायचं, हे आपण सगळे पद्धतीशास्त्राच्या पेपरात लिहितो. मीही लिहिलं होतं. डिस्चार्ज बुकाबाबत मात्र हा प्रश्न मी विचारलाच नाही.

जवानाच्या आयुष्यात काही बदल झाला, म्हणजे लग्न, मूल, बढती, बदली, कोर्स, मेडल, की त्याची युनिट 'पार्ट टू ऑर्डर' काढते. ती ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसला जाते, पगाराशी संबंध असेल तर वेतन लेखा कार्यालयालाही. तिच्यावरून जवानाच्या मूळ सेवापत्रकात नोंद चढते. निवृत्तीच्या वेळी त्या नोंदींवरून डिस्चार्ज बुक भरलं जातं. म्हणजे आपल्या हातात येतं ते पुस्तक मूळ नोंदीची नक्कल असते. मूळ नोंद ऑर्डरवरून केलेली, आणि ऑर्डर एखाद्या क्लार्कने, कदाचित तंबूत बसून, टाइप केलेली.

या साखळीत कुठली कडी तुटली तर लगेच कळतं? जिच्यामुळे पगार अडतो ती. बढतीची ऑर्डर पोचली नाही तर जवान महिन्याभरात विचारायला येतो. मुलाचं नाव लागलं नाही तर पुढे कधीतरी अडचण येतेच. पण एखादा स्टार किंवा पगारात फरक न पाडणारा कोर्स राहून गेला तर कुणाचंच काही अडत नाही. युद्ध संपलं, युनिट हललं, माणूस बदलीवर गेला, आणि ऑर्डर मागे राहिली. काकांच्या बाबतीत नेमकं कुठे काय झालं ते सांगता येणार नाही. पण ज्या दोन गोष्टी गळल्या त्या दोन्ही पगाराबाहेरच्या होत्या, हे लक्षात घेण्यासारखं आहे. हा कागद वेतन आणि पेन्शनसाठी तयार झाला. इतिहास सांगणं हे त्याचं काम कधीच नव्हतं.

कोणाचे कागद उरतात?

दुसरी गोष्ट मला नियम वाचताना कळली. जवानाला पेन्शनसाठी १५ वर्षांची पात्र सेवा लागते. ज्यांना पेन्शन नाही अशांची सेवेची कागदपत्रं ठरावीक मुदतीनंतर, म्हणजे २५ वर्षांनी, नष्ट केली जातात. याचा अर्थ बघा. १९६५ ची लढाई लढून सात-आठ वर्षांत गावी परत आलेल्या माणसाची फाइल आज नसण्याचीच शक्यता जास्त. रेकॉर्डवर विसंबून 'वर्ध्याचा सैनिक' रंगवायला गेलो तर चित्र पेन्शनवाल्यांचंच येणार, आणि आपण ते सगळ्यांचं समजून बसणार.

कधी नियमाऐवजी आगच हे काम करते. सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात ब्रिटिश युद्ध खात्याचं एक दफ्तर जळालं आणि पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश शिपायांच्या सेवा-नोंदींपैकी सुमारे ६० टक्के गेल्या. अमेरिकेत १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसच्या अभिलेख केंद्राला आग लागली. १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फाइली नष्ट झाल्या. तिथे आजही एखाद्या सैनिकाची सेवा सिद्ध करायची तर पगाराची व्हाउचरं, युनिटचे दैनिक अहवाल, इस्पितळातल्या नोंदी असं गोळा करून फाइल पुन्हा उभी करतात. मूळ कागद नाही म्हणजे सेवा नाही, असा निष्कर्ष ते काढत नाहीत. ही रीत इतिहासाच्या विद्यार्थ्याने जरूर शिकावी.

आणि काही वेळा नोंद हरवलेली नसते, तशी करायचीच नाही असं ठरलेलं असतं. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. ११० वी मराठा पलटण कुतच्या वेढ्यात सापडली होती आणि एप्रिल १९१६ मध्ये तिथल्या फौजेला शरण जावं लागलं. त्या मोहिमेतल्या मृतांसाठी बसऱ्याला स्मारक झालं. त्याच्यावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली, साध्या शिपायांचे मात्र पलटणीगणिक फक्त आकडे. युद्धस्मारकांचं काम पाहणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये स्वतःच अहवाल काढून ही विषमता मान्य केली. किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत मृतांची, मुख्यतः आफ्रिका आणि मध्यपूर्वेतल्या, नावानिशी नोंदच झाली नाही किंवा अजिबात स्मरण झालं नाही, असं त्यात म्हटलं आहे. तिथे शंभर वर्षांनी दुरुस्ती सुरू झाली.

दोन कार्यालयं, दोन सत्यं

'हे जुन्या काळचं, आता संगणक आहेत' असं वाटत असेल तर जनरल व्ही. के. सिंह यांचं प्रकरण आठवा. जन्म पुण्याच्या लष्करी रुग्णालयातला. शालान्त प्रमाणपत्रात जन्मसाल १९५१, एनडीएच्या प्रवेशअर्जात १९५०. लष्कराच्या एका शाखेने एक साल धरलं, दुसऱ्या शाखेने दुसरं, आणि दोन्ही नोंदी शेजारी शेजारी चालत राहिल्या. माणूस थेट लष्करप्रमुख झाला तरी. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यांनी याचिका मागे घेतली आणि सेवेपुरतं १९५० कायम राहिलं. लष्करप्रमुखाला जे जमलं नाही ते आर्वीकडच्या हवालदाराला एका अर्जात जमावं, ही अपेक्षा किती ठेवायची?

ब्रिगेडियर देविंदर सिंग यांचं प्रकरण मला आपल्या विषयाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं वाटतं. कारगिल युद्धात त्यांनी बटालिक भागात ७० इन्फंट्री ब्रिगेडचं नेतृत्व केलं. नंतर आपल्या कामगिरीचं चुकीचं चित्र नोंदवलं गेल्याची तक्रार घेऊन ते लढले. २०१० मध्ये सशस्त्र दल न्यायाधिकरणाने वरिष्ठाने केलेलं त्यांचं मूल्यमापन पक्षपाती ठरवून गोपनीय अहवालातून काढायला सांगितलं, आणि युद्धाच्या अधिकृत वर्णनातही दुरुस्ती व्हावी असा आदेश दिला. म्हणजे एका माणसाची सेवा-नोंद आणि युद्धाचा इतिहास हे दोन वेगळे कप्पे नाहीत. एकातली चूक दुसऱ्यात झिरपते. माझ्या तक्त्यात तेच झालं होतं, फक्त फार लहान प्रमाणात.

काकूंची पेटी

पुरावा काय शोधायचा, ते मेडल कुठल्या प्रकारचं आहे त्यावर ठरतं. वीरचक्र किंवा सेना मेडल असेल तर नाव राजपत्रात छापलेलं असतं, तिथे बघायचं. पश्चिमी स्टारसारख्या मोहिमेच्या पदकांची नावं अशी राजपत्रात सापडत नाहीत. ती युनिटच्या मेडल रोलमध्ये असतात. तो रोल शोधून घ्यायचा तर माणूस कुठल्या तारखेला कुठल्या युनिटसोबत होता हे नेमकं सांगावं लागतं. पन्नास वर्षांनंतर काकांना युनिट आठवत होतं, पण मधली एक तात्पुरती जोडणी आणि तारखा यांत गोंधळ होत होता.

हे सगळं चाललं असताना आतून काकू आल्या. "तुमी त्यायले पुस्तक मागता. चिठ्ठ्या तं मायाजवळ हायेत."

लोखंडी पेटीत, लुगड्यांच्या खाली, आंतरदेशीय पत्रांचा गठ्ठा होता. पत्ता '५६ एपीओ', वर फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का, त्यात क्रमांक आणि तारीख. डिसेंबर १९७१ ची दोन, जानेवारी १९७२ ची तीन. मजकुरात लढाईचा शब्द नाही. कापूस वेचला का, आईचा दमा कसा आहे, एवढंच. पण पाठवणाऱ्याच्या पत्त्यात युनिटचं नाव स्वच्छ होतं. पेटीच्या तळाशी पुठ्ठ्यावर चिकटवलेला ग्रुप फोटो निघाला. खाली छापलेली नावं, पाटीवर कोर्सचा क्रमांक आणि तारखा. दुसऱ्या रांगेत डावीकडून चौथे काका.

वर्षभर मी कार्यालयांचे उंबरे झिजवत होतो आणि सगळ्यात चांगला दस्तऐवज माझ्या चहाच्या कपापासून दहा फुटांवर होता. मुलाखतीला गेलो की मी 'सैनिकाला' भेटायचो. घरातल्या बाईला प्रश्न विचारावा हे सुचलंच नव्हतं.

माणसाचा शब्द किती धरायचा?

इथे एक जण नक्की विचारेल: एवढी खटपट कशाला, काकांवर विश्वास का ठेवायचा नाही? या प्रश्नाचं उत्तर वर्ध्यातच शोधता येतं. पुलगावला दारूगोळ्याचा मोठा डेपो असला तरी या जिल्ह्यात 'सैनिक' म्हटलं की आधी स्वातंत्र्यसैनिक आठवतो. सेवाग्राम इथलं, आणि १६ ऑगस्ट १९४२ चं आष्टीही इथलंच. १९७२ मध्ये केंद्राने स्वातंत्र्यसैनिकांसाठी पेन्शन योजना आणली तेव्हा तुरुंगवासाचा दाखला मागितला. अनेक ठिकाणी तुरुंगाचं रेकॉर्डच उरलं नव्हतं. मग सोबत तुरुंगात असलेल्यांचं प्रमाणपत्र चालेल, अशी सोय केली. चांगली सोय, कारण चळवळीत पावती घेऊन कोणी जात नाही.

पण त्याच सोयीतून बनावट स्वातंत्र्यसैनिकही उभे राहिले. बीड जिल्ह्यातल्या अशा प्रकरणांसाठी न्या. पालकर आयोग नेमावा लागला आणि वाद २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. म्हणून कार्यालय कागद मागतं ते निव्वळ आडमुठेपणाने, असं म्हणता येत नाही. फक्त कार्यालयाचा प्रश्न आणि आपला प्रश्न वेगळा आहे. 'आमच्या दफ्तरात याला दुजोरा आहे का?' हा त्यांचा. 'हे घडलं असण्याची शक्यता किती, आणि कशावरून?' हा आपला.

पुढे काय झालं

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अर्ज कसा करायचा ते समजून घेतलं. डिस्चार्ज बुकाची साक्षांकित प्रत, पत्रांच्या आणि फोटोच्या प्रती, युनिट आणि तारखा लिहून रेकॉर्ड ऑफिसला पाठवलं. एक स्मरणपत्र गेलं. मग उत्तर आलं: मेडल रोलमध्ये नाव आहे, पश्चिमी स्टारची नोंद करण्यात येत आहे. कोर्सबाबत उपलब्ध कागदपत्रांत काही आढळत नाही.

एक लागलं, एक राहिलं. मला वाईट वाटलं. काका मात्र उत्तर घडी घालून खिशात ठेवत म्हणाले, "कोर्स तुया पुस्तकात लिव. फोटो हाये न."

तसं लिहिलं आहे. आता माझ्या तक्त्यात 'होय/नाही' हा रकाना नाही. त्याच्या जागी तीन आहेत: सेवा-नोंदीत काय आहे, घरात किंवा इतरत्र काय सापडलं, आणि माणूस स्वतः काय सांगतो. तिन्ही जुळले तर उत्तम. जुळले नाहीत तर ते तसंच दाखवायचं, घाईने एकाच्या बाजूने निकाल द्यायचा नाही. मार्गदर्शक म्हणाले, तक्ता किचकट झाला. झाला खरा.

जुन्या तक्त्यातल्या बाकीच्या सगळ्या 'नाही' ओळी आता पुन्हा तपासायला घेतल्यात. पुढच्या महिन्यात हिंगणघाटकडच्या गावांत जातोय. या वेळी डिस्चार्ज बुक बघून झालं की विचारणार आहे, घरात जुनी पेटी आहे का, आणि तिची किल्ली कोणाकडे असते.