नंदादेवीचे रान आणि रेणीची माणसे
गढवालातील नंदादेवी राष्ट्रीय उद्यानाचा इतिहास १९३४ साली शिप्टन व टिलमन ऋषिगंगेच्या घळीतून आत शिरले तेथून सांगण्याची प्रथा आहे. आम्हांस तो आरंभ अपुरा वाटतो. त्या घळीच्या बाहेर लाता व रेणी ही भोटिया लोकांची गावे आहेत. लाता येथे नंदादेवीचे मंदिर आहे. आणि आतल्या धरांसी, डिब्रुघेटा या कुरणांवर तेथील मेंढ्या उन्हाळ्यात चरत असत. १९६२ नंतर तिबेटचा व्यापार बुडाला, तेव्हा या मंडळींस रानाचा आधार अधिकच मोलाचा झाला.

२६ मार्च १९७४ रोजी, गावातील पुरुष बाहेर असताना, ठेकेदाराची माणसे रेणीचे जंगल तोडावयास आली. गौरादेवी गावच्या बायका-मुलींना घेऊन झाडांपुढे उभ्या राहिल्या आणि जंगल वाचले. त्याच वर्षी गिर्यारोहकांस नंदादेवीची वाट मोकळी झाली, हा योगायोग विलक्षण म्हटला पाहिजे! मोहिमांमागून मोहिमा आल्या. कचरा साठला, सरपणासाठी झाडे पडली. भरल, कस्तुरीमृग, हिमबिबट्या यांच्या रक्षणार्थ १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, आणि १९८३ पासून आतला प्रदेश बंद करण्यात आला. बंदीचा हेतू आम्हांस मान्य आहे. परंतु आरोहकांना हिमालयात अन्य शिखरे होती. हमाली व चराई गेली ती गावकऱ्यांची.

१९९८ मध्ये लातावासीयांनी बंदी मोडून आत पाऊल टाकले. त्या चळवळीचे नावच ‘झपटो छीनो’. २००१ च्या जाहीरनाम्यात त्यांनी पर्यटनावर स्थानिकांचा हक्क सांगितला. २००३ मध्ये मोजक्या प्रवाशांस ठराविक वाटेवर प्रवेश मिळाला. मेंढ्यांस मात्र ती कुरणे पुन्हा खुली झाली नाहीत.